खरखर कोणाची? : ध्वनिमुद्रिकांची ओळख आणि निगा

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते : "अहो, ती खरखर हीच तर खरी गंमत!" चित्रपटात किंवा जाहिरातीत जुना काळ दाखवायचा असला की गाण्यात मुद्दाम खरखर मिसळतात आणि आपणही ती ऐकून खूश होतो. मला हे मत मान्य नाही. कोणत्याही गायकाने खरखर गायिलेली नाही. तिच्यातली थोडी तबकडीच्या मूळ द्रव्याची असते, थोडी झिजेची असते आणि बरीचशी निव्वळ घाणीची असते. ही शेवटची खरखर साबणाच्या पाण्याने जाते. मात्र कोणती खरखर कोणाची हे न ओळखता फडके हाती घेतले, तर खरखर राहते आणि गाणे जाते. प्रस्तुत लेख एवढ्या ओळखीपुरताच आहे. ध्वनिशास्त्राचा मी विद्यार्थी नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

हे लिहिण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. आपल्या संगीत विभागात तंबोऱ्यांच्या कपाटाशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्यात जवळपास तीनशे ध्वनिमुद्रिका आहेत हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. काही विभागाने त्या त्या काळी विकत घेतल्या, पुष्कळशा गावातील रसिकांनी भेट दिल्या. पुढे कॅसेट आली, मग सी. डी. आली आणि कपाटाची किल्ली हरवली ती हरवलीच. गेल्या दीड वर्षापासून सरांच्या परवानगीने आम्ही तिघे विद्यार्थी दर गुरुवारी दुपारी त्या ध्वनिमुद्रिका धुणे, वाजवणे आणि वहीत नोंदवणे हे काम करीत आहोत. तेव्हापासून वर्गमित्र, त्यांचे काका, इतकेच काय, दुसऱ्या विभागांतील प्राध्यापकसुद्धा विचारतात, "आमच्याकडे माळ्यावर रेकॉर्डची पेटी सापडली आहे, काय करावे?" माझे उत्तर ठरलेले आहे : आधी काही करू नका. पुसू नका आणि वाजवून तर मुळीच पाहू नका. का, ते पुढे येईलच.

तबकडीवर असते काय? भिंगातून पाहिले तर तिच्यावर एक अखंड खोबण दिसते. कडेपासून सुरू होऊन आत आत वळत ती लेबलापाशी संपते. वरून वर्तुळे वाटतात, पण ती सगळी मिळून एकच लांब रेघ असते. तिची लांबी किती याचा हिशेब आम्ही एकदा फळ्यावर मांडला. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एक बाजू २२ मिनिटांची धरली तर सुमारे ७३३ फेरे झाले. बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान; सरासरी फेरा ६४ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे एका बाजूची खोबण जवळजवळ ४७० मीटर लांब! आपल्या फाटकापासून एस. टी. स्टँडही तेवढा लांब नसावा. रुंदी मात्र केसाएवढी, किंबहुना थोडी कमीच. या खोबणीच्या दोन्ही भिंती इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या तिरप्या असतात आणि गाणे त्या भिंतींच्या वेलांटीत कोरलेले असते. स्टीरिओ ध्वनिमुद्रिकेत आतल्या बाजूच्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज अशी वाटणी असते. हिऱ्याचे बारीक टोक असलेली सुई या भिंतींना घासत जाते, डोलते, आणि ते डोलणे म्हणजेच आवाज. सपाट तबकडीवर आडव्या डोलाने आवाज कोरण्याची ही कल्पना एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये मांडली. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

आता विचार करा. सुईला बुद्धी नाही. तिला ज्याने डोलवले ते ती वाचते. मग ती कारागिराने कोरलेली वेलांटी असो की माळ्यावरची धूळ. एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते. त्या वेगात धुळीचा कण आडवा आला की सुईला क्षणभर ठेच लागते आणि ध्वनिवर्धकातून 'टिक्' असा आवाज येतो. असे शेकडो कण म्हणजे आपली सुप्रसिद्ध खरखर. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सुईचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास असते खरे, पण ते ज्या दोन ठिपक्यांवर पडते ते इतके सूक्ष्म असतात की तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला टनाच्या हिशेबात जातो. या दाबाखाली धुळीचा कठीण कण आला की तो नुसता बाजूला होत नाही. भिंतीला ओरखडतो किंवा भिंतीत रुतून बसतो. मग तो कण कितीही धुतला तरी निघत नाही. धुण्यापूर्वी वाजवून पाहू नये ते एवढ्यासाठी. घाणेरडी तबकडी 'चालते का' हे पाहण्यासाठी एकदा लावणे म्हणजे जी खरखर पाण्याने गेली असती तिला कायमची वस्ती करून देणे होय.

तबकडी धुऊन वाळवून लावली आणि तरी खरखर आली, तर कान द्यावा आणि घड्याळ पाहावे. हा भाग आम्हाला फार उपयोगी पडला म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. 'टक्' असा आवाज ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोन आवाजांतला वेळ मोजावा. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ फेऱ्यांच्या लहान तबकडीचा १.३३ सेकंदांचा आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीचा पाऊण सेकंदाहून किंचित अधिक. आवाज नेमका तेवढ्याच अंतराने येत असेल, तर तबकडीवर आडवा ओरखडा आहे असे समजावे. तो धुऊन जाणार नाही. त्याच्यामागे लागू नये. आवाज वेळीअवेळी, कुठेही, चुरचुरल्यासारखा येत असेल तर ती घाण किंवा स्थिर विद्युत आहे. घाण असेल तर पुन्हा धुवावी. स्थिर विद्युत असेल तर तबकडी पाकिटातून काढताना हाताच्या केसांना ती जाणवते. थंडीच्या कोरड्या दिवसांत हा त्रास वाढतो आणि पावसाळ्यात नाहीसा होतो. पावसाचा या छंदावर एवढा एकच उपकार आहे. तिसरा प्रकार म्हणजे अखंड 'स्स्स' असा, पावसाची सर दुरून ऐकावी तसा आवाज. ७८ च्या तबकडीवर तो असणारच, कारण तो तिच्या द्रव्याचा आवाज आहे. पण हाच आवाज एलपीवर सतत येत असेल तर कोणीतरी ती बोथट सुईने झिजवली आहे असे समजावे. चौथा प्रकार कानाला सर्वांत त्रासदायक : बाजू संपत आली की 'स' आणि 'श' ही अक्षरे फाटू लागतात. आत जाता जाता फेरा लहान होतो, वेग ५० वरून २० सेंटिमीटरच्या घरात येतो आणि तेवढ्याच आवाजाची वेलांटी दाटीवाटीने कोरावी लागते. तेथे सुईची सगळी परीक्षा होते. अशा वेळी तबकडीला दोष देण्याआधी सुई पाहावी. पुष्कळदा तिच्या टोकाला कापसासारखा पुंजका चिकटलेला सापडतो. मऊ, बारीक कुंचल्याने मागून पुढे, म्हणजे तबकडी ज्या दिशेने जाते त्या दिशेने, तो काढावा. बोटाने किंवा फुंकरीने काढू नये.

यंत्राविषयी येथे थोडक्यात सांगतो, कारण नवशिके याच प्रश्नात महिनोन्महिने अडकतात. पेटीसारखे झाकण असलेले, आत छोटे स्पीकर बसवलेले स्वस्त यंत्र दिसायला गोड असते. पण त्यातल्या बहुतेकांची सुई जड असते आणि तिचे वजन कमीजास्त करण्याची सोय नसते. ज्याच्या भुजेच्या मागच्या टोकाला फिरवता येणारे प्रतिवजन आहे आणि ज्याची सुई झिजल्यावर बदलता येते असे जुने का होईना, दुरुस्त केलेले टर्नटेबल मी केव्हाही पसंत करीन. सुई किती ग्रॅमवर चालवावी हे तिच्या उत्पादकाने दिलेले असते, ते पाळावे. हलकी ठेवली की तबकडी सुरक्षित राहील ही समजूत चुकीची आहे. फार हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंतींना टोले देते. यंत्र सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावे. ते साध्या ॲम्प्लिफायरला जोडले आणि आवाज बारीक, किनरा आला तर घाबरू नये. ध्वनिमुद्रिका कोरताना खर्ज दाबून आणि तार स्वर वाढवून कोरतात. नाही तर खर्जाच्या मोठ्या हेलकाव्याने एक खोबण शेजारच्या खोबणीत घुसली असती. वाजवताना हे उलट करून घ्यावे लागते आणि ते काम ॲम्प्लिफायरमधील 'फोनो' नावाच्या जोडणीत होते. ती नसेल तर त्या कामाची छोटी डबी वेगळी मिळते.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कर्ण्याचा ग्रामोफोन पाहून ज्यांचा जीव जडतो त्यांना एक विनंती आहे. त्यावर एलपी लावू नये. चावीच्या ग्रामोफोनचे डोके शंभर ग्रॅमहून जड असते आणि त्याला पोलादी सुई असते. ती एलपीवरून एकदा फिरली की नांगरच फिरला. ७८ च्या तबकड्यांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या द्रव्यात दगडासारख्या पदार्थांची बारीक पूड मिसळलेली असे. ती पोलादी सुईलाच घासून खोबणीच्या आकाराची करी. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी असा दंडक होता आणि सुयांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या घरोघरी असत. आज आपण विजेच्या टर्नटेबलवर ७८ ची तबकडी वाजवतो तेव्हा तिला रुंद टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची सुई तिच्या खोबणीत तळाला जाऊन बसते आणि तेथे साठलेली शंभर वर्षांची घाण इमानाने वाचून दाखवते. "७८ च्या तबकडीत खरखरीशिवाय काही नाही" म्हणणाऱ्या पुष्कळांनी ती चुकीच्या सुईने ऐकलेली असते.

वर 'द्रव्य' हा शब्द तीनदा आला. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्यातच आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. एलपी आणि ४५ ची तबकडी व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची असते. लाख म्हणजे तीच, पळस, बोर, कुसुंब या झाडांवरचा किडा जी तयार करतो आणि जिच्या बांगड्या होतात ती. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हाच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोवर येथे छापून इकडे येत. लाख मुख्यतः आपल्या देशातून जाई, आवाजही आपलाच, फक्त छाप परदेशी! तिकडच्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गायक-गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारीत. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाला आणि ही ये-जा संपली. पुढे अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे जे गायन आपल्याला त्या काळातले म्हणून ऐकायला मिळते, ते लाखेच्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत मावेल एवढेच. अमेरिकेत १९४८ मध्ये एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा मिळाली आणि आपल्याकडेही ख्याल अंगाने मांडण्याची सोय झाली. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची एलपी ज्यांनी ऐकली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. लाखेच्या तबकड्या मात्र आपल्याकडे १९६० नंतरही काही वर्षे निघत राहिल्या, त्यामुळे घरातल्या पेटीत दोन्ही प्रकार एकत्र सापडतात.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एका घरी पाहिलेला प्रकार आहे. ओळखीच्या एका आजींकडे बालगंधर्वांच्या चार तबकड्या होत्या, त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेल्या. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या नातवाने मोठ्या हौसेने त्या पुसल्या. घरात सॅनिटायझर मुबलक होते, तेच त्याने कापसावर घेतले. कापूस काळा होत गेला तसा त्याला हुरूप आला. घाण निघते आहे असे त्याला वाटले. ती घाण नव्हती. सुताराला विचारा, तो पॉलिश कसे करतो? चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालतो आणि ती विरघळते. सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी अल्कोहोलच. दोन तबकड्यांचा पृष्ठभाग दुधाळ, खरबरीत झाला आहे आणि त्यांवर सुई ठेवली तर चुलीत ओले लाकूड पेटल्यासारखा आवाज येतो. आजींनी नातवाला एक शब्द बोलून दाखवला नाही. उरलेल्या दोन तबकड्या त्यांनी आम्हाला आणून दिल्या. "तुम्ही त्यांचे काय करायचे ते करा, पण मला एकदा ऐकवा," एवढेच म्हणाल्या.

तेव्हा पाणी हाती घेण्यापूर्वी तबकडी कशाची आहे ते ओळखावे. लाखेची तबकडी जाड, जड आणि ताठ असते, नखाने हळूच वाजवली तर 'टण्' असा खणखणीत आवाज देते, आणि हातातून पडली तर कपबशीसारखी फुटते. व्हिनाइल किंचित वाकते आणि त्याचा आवाज मठ्ठ येतो. लेबलावर ३३⅓ किंवा ४५ छापलेले असते. तरीही शंका राहिली तर ती लाखेचीच आहे असे धरून चालावे. त्यात नुकसान नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा थर दिलेली तिसरीही एक जात असते, पूर्वी रेडिओ केंद्रांत वापरत. तिचा थर सुटू लागलेला असतो. ती सापडल्यास कोरडीच ठेवावी आणि जाणत्याला दाखवावी.

आमची धुण्याची रीत साधी आहे. नळाचे पाणी वापरत नाही, कारण ते वाळले की त्यातले क्षार खोबणीतच राहतात. भांड्यावर पांढरे डाग पडतात तेच. गॅरेजवाल्याकडे बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर मिळते ते आणतो. (मागताना 'पाणी' म्हणून स्पष्ट सांगावे, तेथे बॅटरीचे ॲसिडही मिळते!) एक लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब पुरतात. साबण येथे मळ कापण्यापेक्षा पाण्याचा पृष्ठताण कमी करण्यासाठी लागतो, कारण निव्वळ पाणी केसाहून अरुंद खोबणीत उतरतच नाही, वरच थेंब होऊन बसते. व्हिनाइल फार तेलकट असेल तर याच पाण्यात औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल शंभर मिलिलिटरपर्यंत घालतो. लाखेसाठीची बाटली वेगळी ठेवली आहे आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'लाख' असे लिहिले आहे. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवायच्या नाहीत असा आमच्यात नियम आहे.

प्रथम कोरड्या, मऊ कुंचल्याने वरची धूळ झटकावी, नाही तर पाण्याने तिचा चिखल होतो. मग तबकडी स्वच्छ टॉवेलवर ठेवून साबणाचे पाणी खोबणींवर शिंपडावे, लेबलावर नाही. जुन्या लेबलाचा कागद भिजला की छाप उडते आणि छाप उडाली की ती तबकडी कोणाची हे सांगणारे कोणी उरत नाही. रंगकामाचा नवा, मऊ, रुंद ब्रश घेऊन खोबणीच्या दिशेने, म्हणजे गोल गोल फिरवावा. देव्हाऱ्यातले ताम्हन घासतो तसे आडवेउभे घासू नये. जोर लावायचा नसतो. केस खोबणीत उतरले पाहिजेत, एवढेच. दोन-तीन फेरे झाले की दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढावा. ही पायरी लोक गाळतात. साबण राहिला तर तो वाळून त्याचीच खरखर होते. शेवटी धागे न सुटणाऱ्या मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावे आणि भांडी निथळत ठेवण्याच्या जाळीत तबकडी उभी करावी. पंखा बंद. उन्हात तर कधीच नाही. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवू नये, काम चटकन उरकावे. तिला तडा गेलेला असेल किंवा कडेला कागदाचा थर दिसत असेल तर पाणी लावूच नये. एका दुपारी आमच्या पंधरा-सोळा तबकड्या होतात. याहून घाई केली की एखादी निसटते, हा तिघांचाही अनुभव.

घरगुती उपाय पुष्कळ ऐकले. खोबरेल लावून चकाकी आणणे, रॉकेलने पुसणे, जुन्या साडीच्या तुकड्याने खसाखसा घासणे. चकाकी येते हे खरे, पण खोबणीत तेल म्हणजे धुळीला आमंत्रणच. तबकडीवर फेविकॉलचा थर ओतून वाळल्यावर साल सोलून काढण्याची एक युक्ती प्रसिद्ध आहे. व्हिनाइलवर तिचा गुण येतो असे सांगणारे अनेक आहेत. लाखेवर ती करणे म्हणजे तबकडीचा निरोप घेणे. आमच्या कपाटातल्या वस्तूवर असा प्रयोग करण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या कोकणात धुळीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. जूनपासून चार महिने बंद कपाटात जी दमट हवा कोंडते तीत कागदी पाकिटे, पुठ्ठ्याची वेष्टने आणि तबकडीवरचे बोटांचे ठसे हे बुरशीचे अन्न होते. पांढुरके, जाळीदार ठिपके दिसले की ती तबकडी घरात झटकू नये. नाकाला रुमाल बांधून बाहेर व्हरांड्यात न्यावी, कोरड्या ब्रशने बुरशी काढावी, मग वरील रीतीने धुवावी. ब्रश इतर तबकड्यांना लावू नये. आतले कागदी पाकीट टाकून द्यावे; नवे, आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असलेले पाकीट मिळते. मूळ वेष्टन मात्र टाकू नये, कारण त्यावर वादकांची नावे, मुद्रणाची माहिती आणि कधी कधी गायकावरचा लहानसा लेखही असतो. ते सावलीत वाळवून वेगळे ठेवावे. बाहेरून घालण्याचे जाड, चिकट, पारदर्शक प्लॅस्टिकचे कव्हर पावसाळ्यात पृष्ठभागावर धुरकट डाग सोडते, ते टाळलेले बरे. कपाट भिंतीला टेकवू नये आणि उघडीप मिळाली की दार उघडून ठेवावे.

ठेवण्याचा नियम एकच, पण तो बहुतेक घरांत मोडलेला असतो : तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात, आणि लाखेच्या असतील तर तडकतात. तिरप्या कलत्याही ठेवू नयेत. फळी मजबूत हवी. एलपी वेष्टनासकट साधारण पाव किलोची असते, म्हणजे शंभर एलपींचे पंचवीस किलो झाले. उष्णतेची काळजी सांगायलाच नको. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत विसरलेली एलपी पापडासारखी होते आणि ती सरळ करण्याचे जे उपाय सांगतात ते करून पाहण्यासारखे नाहीत. हाताळताना एक कड तळव्यावर आणि बोटे लेबलावर, किंवा दोन तळव्यांत दोन कडा. खोबणीला बोट लागता कामा नये.

आता नोंदवहीविषयी. धुण्याच्या नादात हे काम मागे पडते, पण माझ्या मते ते धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. लेबलावरचे गायकाचे नाव, राग किंवा नाटक, कंपनी आणि क्रमांक हे तर लिहावेच; शिवाय लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक कोरलेला किंवा उमटवलेला एक क्रमांक असतो तो उजेडात तिरपी धरून वाचावा. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. लेबल बदलते, तेच गाणे पुन्हा दुसऱ्या क्रमांकाने निघते, पण मूळ साच्याची ओळख या क्रमांकात राहते. मुंबईस १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या संग्राहकांनी अशा क्रमांकांवरून जुन्या गायक-गायिकांच्या याद्या तयार करण्याचे मोठे काम केले आहे. आमच्या कपाटात लाखेची एक तबकडी अशी निघाली की तिचे लेबल दोन्ही बाजूंनी कसरीने खाल्लेले होते. पहिल्याने ती फुटक्या गठ्ठ्यात गेली होती. धुतल्यावर आणि रुंद सुईने वाजवल्यावर एका बाईंचा अतिशय तयार, खडा आवाज आला, बहुधा नाट्यपदच. शेवटी त्या काहीतरी बोलतात, नाव असावे, पण नेमके तेथेच खोबण झिजली आहे. आम्ही तिघांनी ते वीस वेळा तरी ऐकले असेल आणि प्रत्येकाला वेगळे नाव ऐकू येते. शेवटी दर वेळी सुई फिरवून उरलेसुरले झिजवण्यात अर्थ नाही म्हणून संगणकावर एकदा मुद्रण करून घेतले आणि तबकडी पाकिटात ठेवली. मॅट्रिक्स क्रमांक शाबूत आहे. तो वहीत लिहिला आहे आणि शोध चालू आहे.

आजींना त्यांच्या दोन तबकड्या दिवाळीच्या सुट्टीआधी ऐकवल्या. खरखर होतीच, लाखेची होती तेवढी. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "हे असे नव्हते हो पूर्वी ऐकू येत. मागचा ऑर्गन मी आज पहिल्याने ऐकला."

कपाटातील साधारण दोन खण झाले आहेत, दोन बाकी आहेत, आणि खालच्या खणात बुरशी बरीच आहे. गुरुवारी दुपारी दोननंतर आम्ही विभागात असतो. मदतीला आणखी दोन हात चालतील. ज्यांना घरची तबकडी दाखवायची असेल त्यांनी ती पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून उभी धरून आणावी, आणि येताना पुसून आणू नये.